झोताचा पल्ला

दोन विजेऱ्या शेजारी ठेवू. दोन्ही चिनी बनावटीच्या, आणि ताकदवान विजेऱ्यांच्या शौकिनांमध्ये दोन्ही नावाजलेल्या. पहिली इमालेंट कंपनीची एमएस-१८. तिच्या रुंद तोंडात १८ एलईडी बसवलेले आहेत आणि ते सगळे मिळून १,००,००० लुमेन उजेड टाकतात. दुसरी एसबीम कंपनीची डब्ल्यू-३०. तिचा उजेड ५०० लुमेन, म्हणजे पहिलीच्या दोनशेव्या हिश्शाइतका. आता दोघींच्या झोताचा पल्ला पाहू. पहिलीचा १,३५० मीटर, दुसरीचा २,४०८ मीटर.

आकड्यांची अदलाबदल झालेली नाही. दोनशेपट उजेड असलेली विजेरी जवळपास निम्म्या अंतरावरच दमते, आणि असे का होते हे एकदा कळले की दुकानातल्या खोक्यांवरचे निम्मे दावे आपोआप गळून पडतात. आपल्याकडे खेडोपाडी जिला सरळ ‘बॅटरी’ म्हणतात त्या वस्तूविषयी लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती लांब जाते?’ हाच. प्रश्न बरोबर आहे. फक्त ‘जाते’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवायला विजेरीच्या धंद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आधी मोजमापांची ओळख करून घेऊ. लुमेन म्हणजे विजेरीतून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती उजेड पडला ते. वाटीत तूप किती आहे हे लुमेन. त्याचा पोळीवर थर किती जाड बसला हे लक्स. एक लुमेन एक चौरस मीटरवर सारखा पसरला की एक लक्स. तिसरे माप कँडेला. एका ठरावीक दिशेने जाणारा उजेड किती तीव्र आहे ते हे सांगते, आणि पल्ल्याची सगळी गोष्ट या तिसऱ्या मापातच दडलेली आहे.

कँडेलाचा पूर्वज म्हणजे खरोखरीची मेणबत्ती. १८६० साली लंडनच्या गॅसपुरवठ्यासाठी झालेल्या कायद्यात प्रमाण मेणबत्तीची व्याख्या घालून दिली होती: स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची, पौंडाच्या सहाव्या हिश्शाइतक्या वजनाची, आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जळणारी. गॅसच्या दिव्याचा उजेड अशा किती मेणबत्त्यांइतका भरतो ते पाहायचे. १९७९ पासून कँडेलाची व्याख्या एका विशिष्ट कंप्रतेच्या हिरव्या प्रकाशावर बेतलेली आहे, व्हेलची गरज राहिलेली नाही. पण आकार तोच आहे. साध्या मेणबत्तीची तीव्रता आजही सुमारे एक कँडेला भरते. हा उजेड चहूकडे सारखा पसरतो असे धरले, तर एकूण साडेबारा लुमेन होतात.

आता डब्ल्यू-३०चे ५०० लुमेन घ्या. एकूण उजेड म्हणून पाहिला तर तो चाळीस मेणबत्त्यांचा. पण ती विजेरी तो सगळा उजेड एक-सव्वा अंशाच्या चिंचोळ्या शंकूत कोंबते. शंभर मीटरवर त्या झोताचा व्यास जेमतेम दोन मीटर भरतो. त्या एका दिशेने पाहणाऱ्याला ती साडेचौदा लाख मेणबत्त्यांइतकी तीव्र आहे. एमएस-१८चा प्रचंड उजेड मात्र तीसेक अंशांच्या शंकूत पसरतो आणि तिची तीव्रता साडेचार लाख कँडेलाच्या आसपास थांबते. शौकीन मंडळी चिंचोळ्या झोताला ‘थ्रो’ म्हणतात, पसरट उजेडाला ‘फ्लड’. झोताच्या मधला झगझगीत गोळा म्हणजे ‘हॉटस्पॉट’ आणि त्याभोवती सांडलेला फिका उजेड म्हणजे ‘स्पिल’. हे शब्द आता मराठी ट्रेकरांच्या बोलण्यातही आले आहेत.

पल्ल्याचे मीटर कुठून येतात? झोत कुठेही एकदम संपत नाही. तो विरळ होत जातो. तेव्हा कुठेतरी रेघ ओढून ‘इथवर पोचला’ असे म्हणायचे. ही रेघ २००९ साली अमेरिकेतल्या विद्युत उत्पादकांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ‘एफएल-१’ या प्रमाणात ओढली गेली. झोताच्या मध्यभागी पाव लक्स उजेड उरतो ते अंतर म्हणजे विजेरीचा पल्ला. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री डोक्यावर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राचे चांदणे.

चांदण्याची ही मोजणी जुनी आहे. अठराव्या शतकात प्येर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मेणबत्त्यांच्या उजेडाशी तुलना करत सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र यांचा हिशेब मांडला होता. कोणतेही यंत्र हाताशी नव्हते, होते ते फक्त डोळे आणि मेणबत्त्या कमीजास्त अंतरावर सरकवण्याची सोय. कारण अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो हे ठाऊक होते. सूर्य चंद्राच्या तीन लाख पट प्रखर, असे त्याचे उत्तर आले. आजचा आकडा चार लाखांच्या आसपास आहे. भर दुपारच्या उन्हाचे लाखभर लक्स चार लाखांनी भागले की पाव लक्स येतो. अडीचशे वर्षांनी विजेरीच्या खोक्यावर छापल्या जाणाऱ्या आकड्याची बैठक ही आहे.

हिशेब सोपा आहे. कँडेलाचे वर्गमूळ काढा, दुप्पट करा, मीटरमध्ये पल्ला मिळतो. साडेचौदा लाखांचे वर्गमूळ १,२०४; दुप्पट केले की २,४०८. म्हणजेच त्या मीटरांवर लक्समीटर घेऊन कोणी उभे राहिलेले नसते. मोजणी दोन, दहा किंवा तीस मीटरवर होते आणि पुढचे सगळे गणित. मधल्या हवेत धूळ, दमटपणा, धुके काही आहे हे गणिताला ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धात विमाने हेरायला वापरलेल्या, दीड मीटर व्यासाचा आरसा असलेल्या अमेरिकी कार्बन-आर्क सर्चलाइटची तीव्रता ८० कोटी मेणबत्त्यांइतकी सांगितली जाई. तिला हेच सूत्र लावले तर पल्ला ५६ किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात तो झोत आकाशात काही किलोमीटरवरच्या बाँबफेक्या विमानांना पकडायला वापरत.

वर्गमुळाचा दुसरा परिणाम खिशाला जाणवतो. पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात. दहापट हवा तर शंभरपट. उलट बाजूने पाहिले तर तो दिलासाही आहे. छापील पल्ल्याच्या निम्म्या अंतरावर चौपट उजेड, म्हणजे पूर्ण एक लक्स मिळतो. अनुभवी लोक खोक्यावरचा आकडा पाहताक्षणी मनात निम्मा करतात, ते याच कारणाने. चांदण्यात माणूस उभा आहे एवढे कळते. तो कोण आहे, हातात काय आहे, हे कळत नाही. रेघ पाव लक्सवर ओढण्याऐवजी एक लक्सवर ओढली असती तर सगळ्या विजेऱ्यांचे पल्ले एका रात्रीत अर्धे झाले असते. ती उत्पादकांनी एकत्र बसून ओढली होती, हे विसरू नये.

मग किलोमीटरभर अंतरावर नेमके दिसते तरी काय? १,३५० मीटरवर उभा असलेला पाच फूट सात इंचांचा माणूस आपल्या नजरेला चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सातव्या हिश्शाइतका उंच दिसेल. त्यातून मंद उजेडात डोळ्याची बारकावे टिपण्याची शक्ती खूप घटते. म्हणून लांब पल्ल्याचे खरे शौकीन विजेरीबरोबर दुर्बीण बाळगतात. डोंगराच्या पलीकडच्या धारेवर गोल उमटवायचा, मग दुर्बीण लावून तिथे झाड आहे की कातळ हे बघायचे. व्यवहारात याची गरज फार थोड्यांना पडते. छंदाचे तसे नसतेच.

आता मूळ कोड्याकडे. कँडेला वाढतात कशाने? जास्त लुमेनने, असे कोणालाही वाटेल. पण लांब उभे राहून झोताकडे पाहण्याची कल्पना करा. (प्रत्यक्षात पाहू नका; एवढ्या तीव्र विजेरीत जवळून पाहणे डोळ्यांना महाग पडते.) एलईडीचा पिवळा ठिपका काही मिलिमीटरचाच आहे, पण झोताच्या मध्यातून पाहिले तर आरशाचे सगळे तोंड त्या ठिपक्याच्या तेजाने भरून गेलेले दिसते. आरसा ठिपक्याला मोठा करून दाखवतो, अधिक तेजस्वी मात्र करू शकत नाही. कोणतेही भिंग, कोणताही आरसा ते करू शकत नाही. हा प्रकाशशास्त्राचा पक्का नियम आहे. त्यामुळे तीव्रतेचे सूत्र असे: ठिपक्याच्या दर चौरस मिलिमीटरमागे जितके कँडेला, गुणिले आरशाच्या तोंडाचे क्षेत्रफळ, वजा वाटेतली गळती. यात एकूण लुमेन कुठेही नाहीत.

सूत्रात दोनच जागा आहेत जिथे हात घालता येतो. पहिली, आरसा. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, कँडेला चौपट आणि पल्ला दुप्पट. म्हणजे पल्ला थेट आरशाच्या व्यासाबरोबर वाढतो. यामुळेच लांब पल्ल्याच्या विजेऱ्यांची डोकी इतकी थोराड असतात आणि खिशातली विजेरी कितीही लुमेनची असली तरी लांब जात नाही. २०१८च्या सुमारास काही हौशी मंडळींनी आपसांत चर्चा करून लांब पल्ल्याच्या विजेरीचा आराखडा ठरवला आणि ल्युमिनटॉप या कंपनीने तो ‘जीटी’ या नावाने उत्पादनात आणला. उजेड दोन हजार लुमेनच्या आसपास, पण आरशाची वाटी जेवणातल्या खोलगट ताटलीएवढी, आणि तीव्रता दहा लाख कँडेलाच्या पुढे. ग्राहकांनीच आखलेली आणि कारखान्याने निमूटपणे बनवलेली अशी वस्तू विरळाच.

दुसरी जागा ठिपका. तो लहान हवा आणि त्याचा प्रत्येक चौरस मिलिमीटर भयंकर तेजस्वी हवा. मोठा एलईडी जास्त लुमेन देतो, पण त्याचे तेज मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असते. एमएस-१८ मध्ये नेमके असे मोठे एलईडी आहेत, तेही अठरा लहान वाट्यांत वाटून दिलेले. म्हणून तिथे उजेडाचा पूर आहे आणि पल्ला त्या मानाने बेताचा.

एलईडीचा हा हिशेब शौकिनांना कारखान्यांच्या आधी उमगला, असे म्हणायला जागा आहे. पूर्वी बहुतेक एलईडींवर सिलिकोनचा पारदर्शक घुमट असे. घुमटामुळे चकतीतला उजेड अधिक प्रमाणात बाहेर पडतो, लुमेन वाढतात. पण घुमट भिंगासारखा वागून ठिपका मोठा दाखवतो आणि तेज पातळ करतो. लोकांनी हे घुमट काढायला सुरुवात केली. कोणी ब्लेडने कापले, कोणी एलईडी पेट्रोलमध्ये भिजत ठेवले, त्याने घुमट सुटून येतो. लुमेन घटले, रंग थोडा पिवळट झाला, पण पल्ला वाढला. यात कित्येक एलईडी फुकट गेले असणार. पुढे क्री आणि ओसराम यांच्यासारख्या कंपन्यांनी घुमट नसलेले सपाट एलईडीच बाजारात आणले. यांतल्या उत्तम सपाट चकत्यांचे तेज दर चौरस मिलिमीटरला दोनशे कँडेलाच्या वर जाते. जमिनीवरून दिसणारा भर दुपारचा सूर्य याच मापात सुमारे १,६०० भरतो.

डब्ल्यू-३० मध्ये मात्र एलईडी नाहीच. निळ्या लेसरचा किरण फॉस्फरच्या एका छोट्या ठिपक्यावर मारला जातो आणि तो ठिपका पांढरा पेटतो. पांढऱ्या एलईडीतही निळा प्रकाश आणि पिवळा फॉस्फर हीच जोडी असते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे सगळे शक्य झाले तो जपानच्या निचिया कंपनीने १९९३ साली बाजारात आणला आणि तो घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. फरक एवढाच की एलईडीत निळा उजेड चकतीच्या अख्ख्या तोंडातून येतो, तर लेसर अतिशय लहान जागी एकवटता येतो. उजेड थोडा, पण ठिपका इतका लहान आणि तेजस्वी की छोट्याशा भिंगातूनही झोत दोन किलोमीटरच्या पुढे निघतो. या जातीला शौकीन ‘एलईपी’ म्हणतात. दिसायला तो झोत म्हणजे हवेत उभी केलेली पांढरी काठी. स्पिल जवळजवळ शून्य, त्यामुळे स्वतःच्या पायाखालचा खड्डा दिसत नाही. सूत्रातून एका आकड्याचा पिच्छा शेवटपर्यंत पुरवला की काय हाती लागते, त्याचा हा नमुना.

दिसणे आणि दाखवणे यांतला भेदही इथेच सांगायला हवा. एखादी वस्तू उजळायला पाव लक्स लागतो, पण अंधारात लांबचा दिवा नुसता दिसायला फार थोडा उजेड पुरतो. समुद्रावरच्या दीपस्तंभांचा पल्ला ठरवताना डोळ्यापाशी ०.०००००२ लक्सचाही दहावा हिस्सा पुरेसा धरतात. म्हणजे विजेरीच्या रेघेपेक्षा साडेबारा लाख पटींनी कमी. याचे वर्गमूळ अकराशेच्या पुढे. तेव्हा १०० कँडेलाची साधी विजेरी, जी एफएल-१ प्रमाणे २० मीटर उजळते, ती स्वच्छ हवेत कागदोपत्री २२ किलोमीटरवरून टिपक्यासारखी दिसू शकते. कळसूबाईवर चढणाऱ्यांच्या हातातल्या विजेऱ्या पायथ्याच्या गावांतून दिसतात, पण त्याच विजेऱ्यांनी डोंगरावरून गाव उजळत नाही, ते यामुळे. मुंबईच्या टोकाशी १८७५ पासून उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ किंवा कोकण किनाऱ्यावरचा कुठलाही दिवा खडक उजळण्यासाठी नसतोच; खलाशाला तो दिसला की काम झाले. फ्रेनेलने १८२३ साली फ्रान्समधल्या कॉर्दुआन दीपस्तंभावर आपले पायऱ्यांचे भिंग बसवले, त्यामागेही हाच विचार होता. सूत्र तेच: ज्योत लहान, भिंग प्रचंड.

एफएल-१च्या आधी या धंद्यात बेबंदशाही होती. विजेरीचे सुरुवातीचे एक महत्त्वाचे अमेरिकी पेटंट डेव्हिड मिसेल यांना १८९९ साली मिळाले. कमजोर सेल आणि कार्बनची तार, त्यामुळे ती क्षणभरच पेटवायची असे. तेव्हा पल्ल्याची भाषा कोणी करत नव्हते. आपल्या घरातली दोन-तीन मोठ्या सेलची, तारेच्या बल्बची बॅटरी दहा ते वीस लुमेनची असायची आणि रानात, विहिरीवर, गोठ्यात तेवढ्यावर भागत होते. १९७९ साली आलेल्या मॅगलाइटने डोके पिळून झोत आवळण्याची सोय लोकप्रिय केली. शुअरफायरच्या वीतभरही नसलेल्या ६पी या विजेरीचे ६५ लुमेन एकेकाळी थक्क करणारे होते. मग हॅलोजनचे स्पॉटलाइट आले आणि खोक्यांवर ‘दहा लाख कँडलपॉवर’, ‘पन्नास लाख कँडलपॉवर’ असे आकडे झळकू लागले. ते कोणी, कसे मोजले हे विचारायची सोय नव्हती.

ही सोय आधी शौकिनांनी स्वतःपुरती करून घेतली. कँडेला मोजायला लक्समीटर आणि लांब व्हरांडा पुरतो. पाच मीटरवर मीटर ठेवायचा, झोताचा मध्य त्यावर धरायचा, येईल त्या आकड्याला २५ने गुणायचे. ४,००० लक्स आले तर एक लाख कँडेला, म्हणजे ६३२ मीटर. अंतर कमी ठेवले तर मोठ्या आरशाचा झोत नीट जुळून आलेला नसतो आणि आकडा फसवा येतो, म्हणून थोराड विजेऱ्या मोकळ्या मैदानात तीसेक मीटरवर मोजतात. लुमेन मोजणे मात्र किचकट. त्यासाठी आतून पांढरा रंगवलेला पोकळ गोल लागतो. जर्मन अभियंता रिचर्ड उल्ब्रिख्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा गोल झोत कुठेही पडला तरी तो आत घुसळून सगळीकडे सारखा करतो. प्रयोगशाळेतला गोल महाग. लोकांनी थर्मोकोलचे गोळे आणि प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप जोडून घरगुती अवतार बनवले आणि उजेड आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या विजेरीशी ते जुळवून घेतले. ज्यांना तेवढीही खटपट नको ते खोलीत अंधार करून छताकडे झोत मारतात आणि टेबलावरचा लक्स वाचतात. फोटोंचेही नियम आहेत. कॅमेऱ्याची सगळी मापे बांधलेली, तेच मैदान, तेच झाड. आपोआप मापे बदलणाऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक विजेरी सारखीच झगझगीत दिसते.

गंमत अशी की या मोजामोजीतून निघणारे बरेच फरक डोळ्याला दिसत नाहीत. डोळ्याला उजेड दुप्पट झाला असे वाटायला तो प्रत्यक्षात साधारण चौपट व्हावा लागतो. हजार आणि बाराशे लुमेन शेजारी धरले तर बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. हे माहीत असूनही मंडळी पाच टक्क्यांवरून वाद घालतात. क्रिकेटच्या आकडेवारीवर रात्री जागवणाऱ्या समाजाने त्यांना हसू नये.

प्रमाण आल्यावर सगळे सुरळीत झाले असे समजू नका. एफएल-१ प्रमाणे लुमेन मोजायचे ते विजेरी पेटवल्यानंतर तीस सेकंदांनी. सुरुवातीचा तापण्याआधीचा भपका धरायचा नाही, हे चांगलेच. पण चालण्याचा वेळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. समजा, एखादी विजेरी २,००० लुमेनने सुरू झाली, तीन मिनिटांत गरम होऊन ३०० वर उतरली आणि दोन तास ३०० वर चालत राहिली. ३०० हे दहा टक्क्यांच्या वरच आहेत. खोक्यावर ‘२,००० लुमेन, २ तास’ असे कायदेशीरपणे छापता येते. प्रत्येक शब्द खरा, आणि घेणारा पुरता फसलेला. म्हणून जाणकार लोक पहिल्या आकड्यापेक्षा उजेडाचा वेळेनुसार उतरणारा आलेख शोधतात.

उजेड उतरतो तो उष्णतेने. आजचे एलईडी जोरात चालवले तर वॅटमागे शंभरएक लुमेन देतात. लाख लुमेन म्हणजे एक किलोवॅट, आणि त्यातला मोठा भाग उष्णता होऊन हातात येतो. एमएस-१८ला म्हणूनच पंखे बसवलेले आहेत, तरी तो कमाल ‘टर्बो’ उजेड मिनिटाच्या आसपासच टिकतो. विजेरी स्वतःच खाली उतरते, हे चांगले आहे. दुसरी मर्यादा सेलची. १८६५० हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, नावातच माप. ३.६ व्होल्ट आणि ३,००० मिलिअँपिअर-तास धरले तर त्यात पावणेअकरा वॅट-तास मावतात.

हा हिशेब हाताशी असला की बाजारातल्या थापा दोन ओळींत पकडता येतात. काहीशे रुपयांची, एका सेलची विजेरी आणि खोक्यावर ‘१,००,००० लुमेन’. त्यासाठी किलोवॅट हवा. एका सेलमधून एवढी वीज क्षणभरही निघत नाही, आणि निघालीच तर चाळीस सेकंदांत सेल रिकामा होईल. सेलवर ‘९,९०० मिलिअँपिअर-तास’ छापले असेल तर तो ठेवून द्यावा. त्या आकाराच्या उत्तम खऱ्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास असते. खोक्यावर पल्ला दिला असेल तर त्याला दोनने भागून वर्ग करा. आलेले कँडेला आणि विजेरीच्या डोक्याचा व्यास यांचा मेळ बसतो का ते बघा. दोन सेंटिमीटरच्या वाटीतून साध्या एलईडीने किलोमीटर गाठणारी विजेरी अजून कोणी बनवलेली नाही. एक किलोमीटरला अडीच लाख कँडेला लागतात, आणि तेवढ्या वाटीतून, गळती शून्य धरली तरी, त्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिकच निघू शकतील.

मला विचाराल तर महाराष्ट्रात लांब पल्ल्याची निकड सर्वांत कमी आहे ती ज्यांच्या हातात विजेरी सर्वांत जास्त असते त्यांना. कृषिपंपांची वीज पाळीपाळीने रात्रीची येते, आणि शेतकरी अंधारात दारे मोडायला, वाफ्यांत पाणी फिरवायला जातो. त्याला बांधावरचा मण्यार किंवा घोणस दोन पावले आधी दिसायला हवी. त्यासाठी दोनशे-तीनशे लुमेनचा, पसरट, तासन्‌तास टिकणारा उजेड हवा, आणि साप मातीतून उठून दिसेल असे रंग नीट दाखवणारा. एलईडीच्या रंगनिष्ठेवर शौकिनांत थ्रोइतकेच कडाक्याचे वाद आहेत. थंड, निळसर पांढरे एलईडी जास्त लुमेन देतात. ऊबदार आणि रंगनिष्ठ एलईडी आकड्यांत मागे पडतात, पण वाळलेल्या पाचोळ्यातला तपकिरी साप त्यांतच लवकर कळतो. दुकानदार मात्र पांढराफेक झोत भिंतीवर मारून दाखवतो आणि विकतो.

लांब झोताचा खरा उपयोग शोधकार्यात आहे: दरीच्या पलीकडच्या कड्यावर अडकलेला ट्रेकर शोधताना, धरणाच्या पाण्यावर नजर फिरवताना. आणि जुन्नर भागातल्या उसाच्या फडांच्या कडेला. बिबट्याच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तक थर असतो. तो पडलेला उजेड चहूकडे न उधळता आला त्याच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे त्याचे अंग अजिबात दिसत नसताना दोन ठिपके चमकतात, तेही विजेरीच्या छापील पल्ल्याच्या कितीतरी पुढे. पण परतणारा उजेड विजेरीकडेच येत असल्याने ती डोळ्यांच्या अगदी जवळ धरली, तरच ही चमक दिसते. गालाशी धरलेली विजेरी किंवा कपाळावरचा हेडलॅम्प इथे उत्तम. गवतातल्या कोळ्यांचे डोळेही अशाच रीतीने हिऱ्याच्या कणांसारखे लकाकतात.

पावसाळ्यात सह्याद्रीवर नियम बरोबर उलटा होतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळी काच लावली म्हणून झोत फारसा आत शिरत नाही. थेंबांवरून उलटा फिरलेला उजेड डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. टर्बो लावला की भिंत आणखी पांढरी. तेव्हा कपाळावरचा दिवा काढून हातात घ्यायचा, कमरेच्या खाली धरायचा, उजेड कमी करायचा आणि झोत पायवाटेला घासून टाकायचा. एलईपीचा चिंचोळा झोत त्या धुक्यात थेट कामाचा नाही, पण लांबून कोणी पाहत असेल तर आपण कुठे आहोत ते त्याला त्या काठीवरून कळते.